सागवान अयोध्येला गेले. मते कुठे गेली?

आलापल्लीच्या सागवानाची कीर्ती विदर्भाला नवी नाही. इंग्रजांच्या काळापासून या जंगलाने देशाला लाकूड पुरविले आहे. परंतु मार्च २०२३ च्या अखेरीस बल्लारपूरहून सागवानाची जी खेप रवाना झाली, तिचे भाग्य काही वेगळेच होते. अयोध्येतील श्रीराम मंदिराच्या दारांसाठी हे लाकूड निघाले होते. त्याचे पूजन झाले, शोभायात्रा निघाली आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनभूमीचा ऊर अभिमानाने भरून आला. राज्याचे तत्कालीन वनमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी हा सोहळा मोठ्या श्रद्धेने घडवून आणला. पुढे २२ जानेवारी २०२४ रोजी प्राणप्रतिष्ठा झाली. पाच शतकांची प्रतीक्षा फळाला आली, अशी भावना घराघरांत होती.

त्यानंतर तीन महिन्यांच्या आत, १९ एप्रिल २०२४ रोजी, याच वनभूमीत लोकसभेसाठी मतदान झाले. चंद्रपूरमधून स्वतः मुनगंटीवार उमेदवार होते. ते २ लाख ६० हजारांहून अधिक मतांनी पराभूत झाले. शेजारच्या गडचिरोली-चिमूर मतदारसंघात सलग दोन वेळा निवडून आलेले अशोक नेते काँग्रेसचे डॉ. नामदेव किरसान यांच्याकडून सुमारे १ लाख ४१ हजार मतांनी हरले. ज्या जंगलाने रामाच्या दाराला लाकूड दिले, त्याच जंगलाने रामाचे नाव घेणाऱ्या पक्षाला मत दिले नाही. असे का व्हावे?

निकालानंतर हा प्रश्न नागपूर-पुण्यातील अनेक घरांत विचारला गेला. त्याची दोन सोपी उत्तरे लगेच तयार झाली. विरोधकांनी सांगितले की धर्माचे राजकारण संपले. समर्थकांपैकी काहींनी सांगितले की मतदार कृतघ्न आहे, अपप्रचाराला भुलला. ही दोन्ही उत्तरे दूर बसून दिलेली आहेत. खरे उत्तर शोधायचे तर आलापल्लीहून पुढे, भामरागडपर्यंत जावे लागते.

नदीच्या दोन काठांवर दोन कौल

पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्यांचा संगम म्हणजे भामरागड. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की या तालुक्याचा जगाशी संबंध तुटतो. वस्ती प्रामुख्याने माडिया गोंडांची. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींची गणना शासनाने आदिम जमाती म्हणून केली आहे, त्यांपैकी ही एक. इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगड सुरू होतो, पण राज्याची सीमा सोयरिकीला अडवीत नाही. दोन्ही काठांवर गोत्रे तीच, सण तेच, देवही तेच.

पलीकडच्या बस्तर मतदारसंघातही मतदान १९ एप्रिल २०२४ लाच झाले. तिथे भारतीय जनता पक्षाचे महेश कश्यप सुमारे ५५ हजार मतांनी विजयी झाले. २०१९ मध्ये हीच जागा काँग्रेसकडे गेली होती. म्हणजे एकाच दिवशी नदीच्या अलीकडच्या मतदारसंघाने पक्षाला नाकारले आणि पलीकडच्याने स्वीकारले. दोन्ही मतदारसंघ मोठे आहेत, त्यांत अनेक समाज राहतात, हे खरे. तरीही अयोध्येचा सोहळा दोन्हीकडे एकच होता आणि कौल दोन निघाले, एवढे स्पष्ट आहे.

पलीकडे काय घडले होते? धर्मांतराच्या प्रश्नावरून बस्तरमधील अनेक गावे ढवळून निघाली होती, हे नाकारता येणार नाही. परंतु तेवढ्यावरच विजय मिळाला असे मानणे म्हणजे स्वतःची समजूत घालणे होय. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीत पक्षाने तेथे धानाला क्विंटलमागे ३,१०० रुपये देण्याचा शब्द दिला होता. तेंदूपानांच्या प्रमाण गोणीमागे ५,५०० रुपये आणि विवाहित महिलेच्या खात्यात महिन्याला १,००० रुपये, हेही त्या वचनांत होते. सत्ता आल्यावर ही वचने पाळण्यास प्रारंभ झाला. महतारी वंदन योजनेचा पहिला हप्ता तर लोकसभेच्या मतदानापूर्वीच, मार्च २०२४ मध्ये, घराघरांत पोहोचला. २०१८ मध्ये छत्तीसगडच्या २९ राखीव वनवासी जागांपैकी पक्षाला केवळ ३ मिळाल्या होत्या; २०२३ मध्ये त्या १७ झाल्या. अलीकडचा धान उत्पादक हे सारे पाहत होता. सीमेवरच्या माणसाला शेजारच्या राज्यातील भाव वर्तमानपत्रातून कळावे लागत नाहीत. ते त्याला सोयऱ्याकडून कळतात.

पुढचा पुरावा याहून बोलका आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभेची निवडणूक झाली. चंद्रपूर लोकसभेत हरलेले मुनगंटीवार बल्लारपूरमधून निवडून आले. गडचिरोली-चिमूरमधील सहा विधानसभा जागांपैकी गडचिरोली, चिमूर आणि आमगाव पक्षाने जिंकल्या. अहेरी मित्रपक्षाला मिळाली. आरमोरी आणि ब्रह्मपुरी काँग्रेसकडे गेल्या. एप्रिल ते नोव्हेंबर या सात महिन्यांत कोणाची श्रद्धा बदलली होती? तीच माणसे, तीच देवघरे. श्रद्धा होती तिथेच होती, फक्त कौल बदलला. तेव्हा श्रद्धेचा आणि मताचा संबंध सरळ रेषेचा नाही, हे मान्य करण्यावाचून गत्यंतर नाही.

गडचिरोलीतील ओहोटीही मंदिराच्या आधीच सुरू झाली होती. २०१४ मध्ये नेते यांचे मताधिक्य सुमारे २ लाख ३६ हजारांचे होते. २०१९ मध्ये ते ७७ हजारांवर आले. जो वाळूचा किनारा पाच वर्षे खचत होता, तो एका लाटेने वाहून गेला म्हणून आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. संविधान बदलले जाणार, आरक्षण जाणार, हा प्रचार चालला हे खरे. परंतु अपप्रचार तिथेच रुजतो, जिथे आधीपासून संशयाची ओल असते.

इतिहास काय सांगतो?

श्रद्धावान मतदार आणि त्याच्या श्रद्धेचा आदर करणारा पक्ष यांचे नाते नेहमीच असे नाजूक राहिले आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत करपात्री महाराजांची रामराज्य परिषद उतरली होती. धर्म हाच तिचा कार्यक्रम होता. तिला लोकसभेच्या ३ जागा मिळाल्या. भारतीय जनसंघालाही तेव्हा ३ च मिळाल्या. पुढे रामराज्य परिषद अस्तंगत झाली आणि जनसंघ वाढत गेला. करपात्रीजींचे अनुयायी श्रद्धेत उणे नव्हते. परंतु जनसंघाने शेतकरी, सीमाप्रश्न, महागाई, भ्रष्टाचार हे सारे विषय आपले मानले. श्रद्धा हा त्याचा पाया होता, पण घर पायावर थांबले नाही. भिंतीही उभ्या राहिल्या.

१९९२ च्या डिसेंबरनंतरही हाच धडा मिळाला होता. १९९३ मध्ये झालेल्या निवडणुकांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि हिमाचल प्रदेश या तीनही राज्यांत पक्षाला सत्ता परत मिळविता आली नाही. उत्तर प्रदेशातील जागा २२१ वरून १७७ वर आल्या. आणि २०२४ मध्ये तर ज्या फैजाबाद मतदारसंघात अयोध्या आहे, तिथेच पराभव पाहावा लागला. अयोध्येचा मतदार रामभक्त नाही, असे म्हणण्याचे धाडस कोण करील?

अमेरिकेचा अनुभव निराळा नाही. १९७६ मध्ये जिमी कार्टर या धर्मनिष्ठ बॅप्टिस्ट उमेदवाराला तेथील श्रद्धाळू ख्रिस्ती समाजाने मोठी साथ दिली. चारच वर्षांनी त्याच समाजातील फार मोठा वर्ग रोनाल्ड रेगन यांच्याकडे वळला आणि तेव्हापासून तो रिपब्लिकन पक्षाचा आधार मानला जातो. तरीही ऑगस्ट २०२२ मध्ये कॅन्सस या राज्यात गर्भपाताच्या प्रश्नावर सार्वमत झाले, तेव्हा सुमारे ५९ टक्के मतदारांनी धार्मिक संघटनांना हवी असलेली घटनादुरुस्ती फेटाळली. १९६८ पासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत रिपब्लिकन पक्षाला साथ देणारे हे राज्य! पक्षाला मत देणारा प्रत्येक जण पक्षातील सर्वांत मोठ्या आवाजाशी सहमत असतोच असे नाही. हे ज्या पक्षाला कळते, तो टिकतो.

कोणाची श्रद्धा?

मात्र भामरागडचा प्रश्न अयोध्येहून आणि कॅन्ससहून एक पाऊल पुढचा आहे. ‘श्रद्धावान मतदार’ हा शब्द वापरताना शहरातील माणसाच्या डोळ्यांसमोर काही ठरावीक चित्रे येतात. मंदिर, आरती, पालखी, रामनवमीची मिरवणूक. वैनगंगेच्या काठी मार्कंडा येथे महाशिवरात्रीला जी यात्रा भरते, तिथपर्यंत हे चित्र लागू पडते. त्याच्या पुढे जंगल दाट होते आणि चित्र बदलते.

माडियाचा देव भिंतींच्या आत राहत नाही. तो डोंगरावर असतो, झाडाखाली असतो, गावाच्या शिवेवर असतो. चार देवे, पाच देवे, सहा देवे, सात देवे अशा गोत्रांच्या विभागणीवर सोयरिकी ठरतात. नवे धान्य, नवे फळ घरात येण्यापूर्वी गावाचा पंडुम व्हावा लागतो. देवाला अर्पण केल्याशिवाय नवे फळ तोंडात घालायचे नाही, हा नियम लहान मूलही पाळते. गावाचा पेरमा पूजेचा दिवस ठरवितो आणि गाव त्याचे ऐकते. एवढी शिस्तबद्ध, निसर्गाशी एवढी एकरूप झालेली श्रद्धा शहरातील किती घरांत शिल्लक आहे? भामरागडचा मतदार श्रद्धावान आहेच. अनेक शहरी मतदारांहून अधिक आहे. परंतु त्याच्या श्रद्धेचा पत्ता निराळा आहे आणि तो पत्ता माहीत नसताना त्याच्या दारात मत मागायला जाणे म्हणजे चुकीच्या घराची कडी वाजविणे होय.

काही गोष्टी अप्रिय असल्या तरी बोलल्या पाहिजेत. गडचिरोली जिल्ह्यातील काही गोंड गावांत रावणाचे पूजन होते आणि रावणदहनाला तिथे विरोध आहे. ‘वनवासी’ की ‘आदिवासी’, असा प्रश्न शिकलेला माडिया तरुण विचारतो. २०११ च्या जनगणनेत देशातील सुमारे ७९ लाख लोकांनी सहा प्रमुख धर्मांपैकी कोणताही न लिहिता इतर धर्म व पंथ नोंदविले. त्यांत सुमारे ४९ लाख सरना लिहिणारे होते आणि गोंड किंवा गोंडी धर्म लिहिणारे दहा लाखांहून अधिक होते. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर २०२० मध्ये सरना धर्मासाठी स्वतंत्र नोंदीचा ठराव केला. त्याच झारखंडमध्ये २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८ राखीव वनवासी जागांपैकी पक्षाला केवळ एक मिळाली. या साऱ्याला केवळ मिशनऱ्यांचा किंवा डाव्यांचा डाव म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु ज्याला स्वतःच्या देवाची नोंद वेगळी व्हावीशी वाटते, त्याला या समाजाच्या विशाल घरात आपली खोली दिसत नाही, असाच त्याचा अर्थ होतो. त्याच्याशी वाद घालण्यापूर्वी त्याचे ऐकून घेणे आवश्यक आहे. ‘एकं सत्’ म्हणणाऱ्या परंपरेला हे अवघड जाऊ नये.

ठाकूरदेवाचा डोंगर

या श्रद्धेची खरी कसोटी भामरागडच्या शेजारी, एटापल्ली तालुक्यातील सुरजागडच्या डोंगरावर लागते. हा डोंगर उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा आहे आणि तोच ठाकूरदेवाचे स्थान आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते, गावोगावचे देव आणि माणसे एकत्र येतात. खाणीला माओवाद्यांनी हिंसक विरोध केला. २५ डिसेंबर २०१६ रोजी त्यांनी तेथील डझनावारी वाहने जाळली. त्या हिंसाचाराला न जुमानता पुढे २०२१ नंतर उत्खनन नियमित सुरू झाले, कोनसरी येथे लोहप्रकल्प उभा राहू लागला, तरुणांच्या हाताला काम मिळाले. हे सर्व स्वागतार्ह आहे. उद्योगावाचून गडचिरोलीचे दारिद्र्य हटणार नाही, हे कोणीही सुज्ञ माणूस मान्य करील.

तरीही २०२३ मध्ये तोडगट्टा येथे अनेक महिने गावकऱ्यांनी ठिय्या दिला, तो का? त्यामागे माओवाद्यांची फूस होती, असे सांगितले गेले. फूस असेलही. परंतु केवळ फूस लावून शेतीची कामे सोडून माणसे महिनोन्‌महिने बसत नाहीत. त्यांना देवाच्या डोंगराची काळजी होती, जंगलाची होती, ग्रामसभेला विचारले गेले नाही याचा सल होता. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला जे स्थान दिले आहे, ते याच जिल्ह्यातील मेंढा-लेखाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला दाखवून दिले होते. गडचिरोलीच्या गावांना आपले अधिकार माहीत आहेत.

सप्टेंबर २००७ मध्ये रामसेतूच्या रक्षणासाठी देशभर हजारो कार्यकर्ते रस्त्यावर उतरले होते. जहाजांना जवळचा मार्ग मिळेल, व्यापार वाढेल, हे सारे युक्तिवाद तेव्हाही होते. तरी श्रद्धेचे स्थान तोडू नये, असे ठामपणे सांगितले गेले आणि ते योग्यच होते. ज्यांना समुद्रातील सेतूचे पावित्र्य समजले, त्यांना डोंगरावरील ठाकूरदेवाचे पावित्र्य समजण्यास अडचण का यावी? ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी हेच तत्त्व मान्य केले. डोंगरावरील देवाविषयीचा डोंगरिया कोंध समाजाचा धार्मिक हक्क ग्रामसभांनी ठरवावा, असा तो निर्णय होता. बारा ग्रामसभा झाल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. ती लढाई बहुतांशी इतर विचारांच्या लोकांनी लढविली. वास्तविक ती श्रद्धेची लढाई होती आणि श्रद्धेचे रक्षण हे ज्यांचे ब्रीद, त्यांनी तिच्यात सर्वांत पुढे असायला हवे होते. सुरजागडला नियमगिरी होऊ द्यायचे नसेल, तर देवाचे स्थान, यात्रेची वाट आणि ग्रामसभेचा शब्द या तीन गोष्टी राखूनच खाण चालली पाहिजे. हे सरकारला सांगण्याचे धैर्य कार्यकर्त्यांत हवे, सरकार आपल्या विचाराचे असताना तर अधिकच हवे.

पोकळी भरणार कोण?

आज हा प्रश्न अधिक तातडीचा झाला आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रे खाली ठेवली. चार दशकांहून अधिक काळ ज्या बंदुकीने या भूमीला वेठीस धरले, ती निष्प्रभ होत आहे. जवानांच्या बलिदानाचे आणि शासनाच्या निर्धाराचे हे फळ आहे. पण बंदूक गेल्यावर जी जागा मोकळी होते, ती रिकामी राहत नाही. तिथे कोणी तरी येतोच. कोण येणार? केवळ कंत्राटदार आला, तर माडियाला राज्याचा चेहरा तोच वाटेल. केवळ निवडणुकीपुरता कार्यकर्ता आला, तर तो त्याला कंत्राटदाराचाच भाऊ समजेल.

या प्रदेशात विश्वास कसा मिळतो, याचे उदाहरण दूर शोधायला नको. भामरागडपासून हाकेच्या अंतरावर हेमलकसा आहे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी आयुष्य त्यात घातले. विचारांचे मतभेद असोत, परंतु आधी माडिया भाषा शिकायची आणि मग बोलायचे, हा त्यांचा क्रम कोणीही अनुसरावा असाच आहे. १९५२ मध्ये जशपूरला बाळासाहेब देशपांडे यांनी वनवासी कल्याण आश्रम सुरू केला, तोही निवडणुकीसाठी नव्हे. काही मुलांच्या वसतिगृहापासून ते काम वाढले. त्या पिढीने मते मोजली नाहीत. म्हणूनच तिच्या कामाला मोल आले.

आजच्या कार्यकर्त्याने हे ध्यानात घ्यावे. पक्षाने निवडणूक जिंकण्याचा प्रयत्न करणे स्वाभाविक आहे. परंतु समाजाचे काम निवडणुकीच्या फूटपट्टीने मोजू लागले की कामही बिघडते आणि निवडणूकही. अहेरी मतदारसंघाचा इतिहास पाहावा. २००९ मध्ये अपक्ष दीपक आत्राम, २०१४ मध्ये भाजपचे अम्ब्रीशराव आत्राम, त्यानंतर २०१९ आणि २०२४ मध्ये राष्ट्रवादीचे धर्मरावबाबा आत्राम. २०२४ मध्ये तर वडील, मुलगी आणि पुतण्या अशी एकाच घराण्यातील तीन माणसे एकमेकांसमोर उभी होती. इथला मतदार माणूस पाहतो, घराणे पाहतो, कोण अडचणीला धावून येतो ते पाहतो. चिन्ह त्याला शेवटी दिसते.

आणि हे मत त्याला स्वस्तात पडत नाही. माओवाद्यांच्या बहिष्काराच्या सावटाखाली, मोहफुलांच्या ऐन हंगामात, सकाळी सातपासून दुपारी तीनपर्यंतच्या मुदतीत तो जंगलवाटा तुडवीत केंद्रावर येतो. २०२४ मध्ये गडचिरोली-चिमूरमध्ये सुमारे ७२ टक्के मतदान झाले. मुंबई-पुण्यातील सुशिक्षित मतदारांना लाजविणारा हा आकडा आहे. एवढ्या कष्टाने दिलेले मत कोणी गृहीत धरावे, हाच मुळात त्याचा अपमान आहे.

मग करावे काय? धान आणि तेंदूपानाचा प्रश्न सणाइतक्याच आस्थेने हाती घ्यावा. पंडुमाला पाहुणा म्हणून जावे, पुढारी म्हणून नव्हे. शहरातील उत्सव जसाच्या तसा जंगलात नेऊन लादू नये. माडिया बोलीत चार वाक्ये तरी यावीत. ग्रामसभेचा ठराव विरोधात गेला तरी त्याचा मान राखावा. यातून पुढच्या निवडणुकीत किती मते वाढतील, याचा हिशेब कोणी मागू नये. तो मागितला, की सारे व्यर्थ झाले.

आलापल्लीच्या सागवानाची दारे आज अयोध्येत उभी आहेत. ज्या जंगलाने ती दिली, त्या जंगलालाही देव आहेत. रामाच्या दारात नतमस्तक होणाऱ्याने एकदा ठाकूरदेवाच्या डोंगराखालीही जाऊन उभे राहावे. मताची गोष्ट त्यानंतर काढावी, आणि तीही माडियाने स्वतःहून विषय काढला तरच.